अपुऱ्या तारखा : प्रस्तावना

‘फेब्रुवारी २९’ एवढाच मजकूर, सालाचा उल्लेख न करता, पायथन या भाषेतील तारीख वाचणाऱ्या प्रमाण फंक्शनपुढे ठेवला, आणि महिना व दिवस यांचा क्रमही त्यास बिनचूक सांगितला, तरी ते फंक्शन तो मजकूर स्वीकारीत नाही. असा दिवस त्या महिन्यात नाही, असे सांगून ते आपले काम थांबविते. ‘फेब्रुवारी २८’ मात्र ते बिनतक्रार वाचते आणि ‘मार्च १’ही वाचते. याचे कारण असे की, मजकुरात ज्याचा उल्लेख नाही त्या सालाच्या जागी हे फंक्शन पदरचे १९०० हे साल घालते, आणि ज्या शतकवर्षास चारशेने भाग जात नाही ते लीप धरावयाचे नाही या १५८२ पासून चालत आलेल्या ग्रेगोरियन नियमानुसार १९०० हे लीप वर्ष नव्हते. ज्याने तो मजकूर लिहिला त्याच्या मनात १९०० हे साल स्वप्नातही नव्हते. फंक्शनला ते कोणी सुचविलेही नव्हते. तथापि ते घातले गेले, आणि घातले गेल्याची कोणतीही खूण मागे उरली नाही. चार वर्षांतून एकदा येणाऱ्या त्या एका दिवशी ही गोष्ट उघडकीस येते. उरलेल्या सर्व दिवशी चुकीचे साल मुकाट्याने पुढे जाते आणि कोणास त्याचा पत्ता लागत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पायथनच्या ३.१३ या आवृत्तीपासून सालाशिवाय महिन्याचा दिवस वाचावयास सांगितले असता हे फंक्शन इशारा देऊ लागले, आणि दर चार वर्षांनी डोके वर काढणारा हा दोष टाळण्यासाठीच तो इशारा आहे, असे त्या भाषेच्या अधिकृत दस्तऐवजात स्पष्ट लिहिले आहे. प्रस्तुत पुस्तकाचा सारा विषय या एका उदाहरणात बीजरूपाने आलेला आहे: तारखेचा जो भाग लिहिणाऱ्याने लिहिला नाही, तो वाचणाऱ्याने भरावा काय, भरावयाचा तर कोणी, आणि कोणत्या अधिकाराने?

तारीख म्हणजे साल, महिना आणि दिवस, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते, आणि फार तर तीस तास, मिनिटे व सेकंद जोडावे असे आपणांस वाटते. परंतु मनुष्याने हाताने किंवा यंत्राने लिहून ठेवलेल्या नोंदी उघडून पाहिल्या, तर या सर्व भागांनी युक्त अशी नोंद नियमापेक्षा अपवाद म्हणूनच अधिक आढळते. जुन्या रजिस्टरात वृद्धाच्या जन्माचे केवळ साल असते. मित्राचा वाढदिवस लिहून ठेवताना दिवस व महिना लिहिला जातो, साल लिहिले जात नाही. औषधाच्या पट्टीवर महिना आणि साल छापलेले असते, दिवस नसतो. यंत्राच्या नोंदवहीतील ओळीवर सेकंदापर्यंतचा काळ असतो पण वर्षाचा मागमूस नसतो. हे भाग गळतात त्याची कारणेही एकजात नसतात. कधी लिहिणाऱ्यास तो भाग ठाऊकच नसतो. कधी इतका उघड असतो की लिहिण्याची गरज त्यास भासत नाही. कधी त्या प्रसंगी त्या भागास अर्थच नसतो. आणि कधी वय सांगावयाचे नाही म्हणून साल हेतुपुरस्सर झाकलेले असते. मजकूर मात्र या चारही प्रसंगी सारखाच दिसतो. वाचणाऱ्या प्रोग्रामास कागदावरची रिकामी जागा तेवढी दिसते, तिच्यामागचे कारण दिसत नाही. आणि माझ्या मते या विषयातील सर्व अडचणींचे मूळ याच ठिकाणी आहे.

या रिकाम्या जागेचे काय करावयाचे, याविषयी निरनिराळ्या भाषांनी निरनिराळे मार्ग पत्करिले आहेत, आणि ते एकमेकांशेजारी ठेवून पाहिले म्हणजे प्रत्येकाच्या कर्त्यांची विचारसरणी उघड होते. सी भाषेच्या परंपरेतील स्ट्रपटाइम हे फंक्शन मजकुरात जे सापडेल तेवढेच आपल्या चौकटीत लिहिते आणि उरलेल्या घरांना सहसा हात लावीत नाही. ती घरे आधी स्वच्छ करून देण्याचा भार प्रोग्रामरवर असतो, आणि तो विसरला तर स्मृतीत पूर्वीचे जे काही पडलेले असेल तेच साल किंवा तोच तास म्हणून पुढे जाते. गो भाषेचा दंडक असा की न लिहिलेला भाग शून्य मानावा आणि जेथे शून्य संभवत नाही तेथे एक मानावा; सबब केवळ वेळ वाचावयास दिली असता ती भाषा शून्य या सालातील १ जानेवारीची वेळ परत देते. रुबी भाषा मोठा भाग गळलेला असेल तर तो आजच्या तारखेवरून घेते आणि लहान भाग गळलेला असेल तर तो आरंभापासून धरते, हे मनुष्याच्या बोलण्याच्या रीतीस बरेच जवळचे आहे. शिवाय जे सापडले तेवढेच, काहीही न भरता, वेगळे काढून देणारे एक फंक्शनही तिने ठेविले आहे, आणि त्याचा उपयोग जितका व्हावयास पाहिजे तितका होताना मला दिसत नाही.

पीएचपी भाषेत साचा देऊन तारीख वाचण्याची जी सोय आहे तिचे वर्तन थोडे जवळून पाहण्यासारखे आहे. साच्यात ज्या भागाचा उल्लेख नाही तो भाग ही सोय चालू घटकेवरून घेते. आता समजा, एखाद्या हिशेबाच्या प्रोग्रामात वापरकर्त्याने ‘२०२५-०२’ असा महिना निवडला आणि प्रोग्रामरने साल व महिना एवढाच साचा देऊन तो वाचला. तो दिवस महिन्याची १० तारीख असेल तर उत्तर १० फेब्रुवारी २०२५ असे येईल, आणि पुढील कोडाने त्यातून केवळ महिना उचलला तर सर्व काही ठीक चालेल. परंतु तोच प्रोग्राम ३१ तारखेस चालविला तर दिवस ३१ धरला जाईल, फेब्रुवारी २८ दिवसांचा असल्यामुळे उरलेले तीन दिवस पुढच्या महिन्यात सांडतील आणि उत्तर ३ मार्च २०२५ असे येईल. म्हणजे वापरकर्त्याने फेब्रुवारी मागितला आणि त्याच्या हाती मार्चचा हिशेब पडला. ज्या दिवशी कोड लिहिले गेले, ज्या दिवशी त्याची चाचणी झाली आणि ज्या दिवशी ते कामास लागले, ते तिन्ही दिवस महिन्याच्या मध्यावर असतील तर हा दोष महिनोन्महिने दडून राहील, आणि महिनाअखेरीस, जेव्हा हिशेब पाहणाऱ्यांची खरी गर्दी असते नेमक्या त्या वेळी, प्रकट होईल. दुसऱ्या दिवशी प्रोग्रामर तपास करावयास बसेल तेव्हा १ तारीख उजाडलेली असेल आणि सर्व उत्तरे पुन्हा बरोबर येऊ लागलेली असतील. साच्याच्या आरंभी उद्गारचिन्ह लिहिले असता चालू घटकेऐवजी १ जानेवारी १९७० या आरंभबिंदूवरून गळलेले भाग घेतले जातात आणि फेब्रुवारीचा फेब्रुवारीच राहतो. हे त्या भाषेच्या दस्तऐवजात नमूद आहे, परंतु एका चिन्हावर इतके मोठे ओझे ठेवणे ही रचना मला पसंत नाही.

जावास्क्रिप्टमधील उदाहरण पुण्यात बसून अमेरिकेतील ग्राहकांसाठी काम करणाऱ्या आपल्या असंख्य तरुणांस विशेष ध्यानात ठेवण्यासारखे आहे. ‘२०२४-०३’ एवढा मजकूर त्या भाषेच्या तारीख घडविणाऱ्या सोयीस दिला, तर ती दिवस पहिला धरते, वेळ मध्यरात्रीची धरते, आणि जो भाग गळला आहे हे बहुतेकांच्या लक्षातही येत नाही तो कालविभागाचा भाग जागतिक प्रमाणवेळेचा धरते. पुण्यातील पडद्यावर ती घटिका १ मार्चच्या पहाटेचे साडेपाच अशी दिसते, आणि महिना मार्च असल्यामुळे प्रोग्रामरची खातरजमा होते. न्यूयॉर्कमधील पडद्यावर तीच घटिका २९ फेब्रुवारीच्या सायंकाळचे सात अशी दिसते आणि मार्चचे देयक फेब्रुवारीच्या रकान्यात जाऊन बसते. पूर्ण तारीख लिहून तिच्यापुढे वेळही लिहिली आणि कालविभाग मात्र गाळला, तर तीच सोय जागतिक वेळ सोडून स्थानिक वेळ धरते. मजकुरात अधिक माहिती घातल्याबरोबर न घातलेल्या माहितीचा अर्थ बदलावा, हे ज्यास ठाऊक नाही तो कितीही काळजीपूर्वक लिहीत असला तरी फसणारच.

याच्या उलट टोकास जावा भाषेची नवी कालरचना उभी आहे. स्टीफन कोलबर्न यांच्या जोडा-टाइम या ग्रंथालयाच्या अनुभवावर उभारलेली आणि २०१४ मध्ये जावाच्या आठव्या आवृत्तीत प्रमाण म्हणून रुजू झालेली ही रचना अपुऱ्या तारखेस अपुरी म्हणून ओळखते. पूर्ण तारखेसाठी एक प्रकार, साल-महिन्यासाठी दुसरा, महिना-दिवसासाठी तिसरा आणि केवळ सालासाठी चौथा, असे स्वतंत्र प्रकार तिने निर्माण केले आहेत. साल व महिना एवढ्याच मजकुरातून पूर्ण तारीख काढावयास सांगितली तर ती साफ नकार देते. दिवस भरावयाचाच असेल तर तो कोणता, हे साचा घडविताना प्रोग्रामरने आपल्या हाताने लिहून द्यावे लागते, म्हणजे पुढे कोड वाचणाऱ्यास तो निर्णय डोळ्यांनी दिसतो. महिना-दिवसाच्या प्रकारात २९ फेब्रुवारी ही तारीख पूर्णपणे वैध आहे, कारण तेथे साल नावाची वस्तूच नाही. तिला एखादे साल जोडावयाची वेळ येईल तेव्हा ते लीप आहे की नाही हा प्रश्न उपस्थित होतो, त्यापूर्वी होत नाही. रस्ट भाषेतील क्रोनो या ग्रंथालयाचेही धोरण असेच आहे: मजकूर अपुरा असेल तर ‘पुरेसे नाही’ अशा अर्थाची स्वतंत्र चूक ते परत करते. या कडक शिस्तीचा एक परिणाम प्रथमदर्शनी विलक्षण वाटतो. जावाच्या कडक वाचनात साल लिहिण्यासाठी सर्वांच्या अंगवळणी पडलेले अक्षर वापरले, तर साल, महिना, दिवस हे तिन्ही भाग असूनही तारीख अपुरी ठरते. कारण ते अक्षर युगातील साल दाखविते आणि साल इसवी सनाचे की इसवी सनापूर्वीचे, हे मजकुरात लिहिलेले नसते. जी तारीख आपण पूर्ण म्हणतो तिच्यातही काही गृहीत धरलेले असते, ही गोष्ट या वर्तनाने जितकी स्पष्ट होते तितकी कोणत्याही विवेचनाने होणार नाही.

जे संगणकात घडते ते कागदावर पूर्वीपासून घडत आलेले आहे, आणि आपल्या प्रांताइतका त्याचा दाखला क्वचितच अन्यत्र मिळेल. महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांच्या शाळांत, जन्माचा कागद जवळ नसलेल्या मुलाचे नाव पटावर घेताना, शाळा जूनमध्ये उघडत असल्यामुळे, मुलाच्या अंगलोटावरून साल ठरवून १ जून ही जन्मतारीख लिहिण्याचा परिपाठ कित्येक दशके चालू होता. गुरुजींचा त्यात दोष काढण्याचे कारण नाही. रकाना पूर्ण तारीख मागत होता आणि ‘केवळ साल ठाऊक’ असे लिहावयास त्यात जागा नव्हती. परंतु तीच तारीख शाळा सोडल्याच्या दाखल्यावर गेली, तेथून नोकरीच्या सेवापुस्तकात गेली, आणि महिन्याच्या पहिल्या तारखेस जन्मलेला कर्मचारी आधीच्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो या नियमामुळे दरवर्षी ३१ मे रोजी राज्यातील सरकारी कचेऱ्यांतून निवृत्तांची मोठी रांग बाहेर पडू लागली. त्या रांगेत खरोखर १ जूनला जन्मलेले कोण आणि गुरुजींच्या लेखणीने जन्मलेले कोण, हे आज कोणासही सांगता येणार नाही. भरलेला भाग भरलेला आहे एवढी खूण, शेजारी एक टिंब देऊन का होईना, पटावर राहिली असती, तर पन्नास वर्षांनंतरही ती माहिती शाबूत राहिली असती. या दृष्टीने पाहता आधारच्या आरंभीच्या अनेक पत्रांवर पूर्ण तारखेऐवजी केवळ ‘जन्म वर्ष’ छापले जात असे, ही पद्धत मला अधिक प्रामाणिक वाटते. अडचण उत्पन्न झाली ती पुढे, ज्या अर्जांनी दिवस, महिना आणि साल अशा तीनही चौकटी भरल्याशिवाय पुढचे पान उघडावयाचे नाही असा हट्ट धरला, त्या अर्जांमुळे.

आरंभीचा दिवस धरावा, ही रीत इतकी रूढ झाली आहे की ती निरुपद्रवी वाटू लागते. तीस औषधांच्या दुकानात नेऊन पाहावे. औषधाच्या वेष्टनावर मुदत महिना व साल एवढीच छापलेली असेल तर ती त्या महिन्याच्या अखेरच्या दिवसापर्यंत समजावयाची, असे आपल्याकडील औषधविषयक नियम सांगतात. बँकेच्या कार्डावरील मुदतीचेही तसेच. साठ्याचा हिशेब ठेवणाऱ्या प्रोग्रामने ‘०८/२०२७’ हा मजकूर वाचून १ ऑगस्ट २०२७ अशी तारीख कोष्टकात घातली, तर जवळजवळ एक महिना आधीच चांगले औषध बाद ठरेल. उत्पादनाचा महिनाही त्याच पट्टीवर, त्याच अक्षरांत, त्याच साच्यात छापलेला असतो, आणि तेथे महिन्याच्या अखेरीचा दिवस धरणे तितकेच चुकीचे होईल. एका पट्टीवर, एका बोटाच्या अंतरावर, एकाच आकाराच्या दोन अपुऱ्या तारखा परस्परविरुद्ध रीतीने पुऱ्या करावयाच्या असतात. आणि मजकूर वाचणाऱ्या प्रोग्रामास, म्हणजे पार्सरला, तर केवळ आकार दिसतो. यावरून माझा जो सिद्धान्त बनला तो येथेच सांगून टाकतो, कारण पुढील सर्व प्रकरणे त्याच्याच आधारे लिहिलेली आहेत: गळलेला भाग भरण्याचा अधिकार पार्सरचा नाही, तो ज्यास संदर्भ ठाऊक आहे त्या, पार्सरला काम सांगणाऱ्या आज्ञाकर्त्याचा आहे, आणि त्याने तो वापरला तर वापरल्याची नोंद राहिली पाहिजे.

संदर्भ म्हणजे काय, हे यंत्रांच्या नोंदवह्यांवरून उत्तम समजते. युनिक्सच्या परंपरेतील सिसलॉग नावाच्या नोंदींची जुनी पद्धत २००१ मध्ये आरएफसी ३१६४ या दस्तऐवजात वर्णिलेली आहे, आणि तीत महिना, दिवस, तास, मिनिट व सेकंद असतात. साल नसते आणि कालविभागही नसतो. २००९ च्या आरएफसी ५४२४ ने ही उणीव दूर केली, पण जुन्या पद्धतीच्या नोंदी आजही अनेक यंत्रे लिहीतच आहेत. ३१ डिसेंबरच्या रात्री लिहिलेली ओळ १ जानेवारीच्या सकाळी वाचली आणि तीस चालू साल जोडले, तर ती ओळ जवळजवळ एक वर्षाने भविष्यात जाऊन पडते. धोक्याची सूचना देणारा प्रोग्राम तिच्याकडे दुर्लक्ष करतो, किंवा जुन्या नोंदी काढून टाकणारा प्रोग्राम तिला वर्षभर हात लावीत नाही. यावर सामान्य उपाय असा की, चालू साल जोडून येणारी तारीख आजच्या पुढे एखाद्या दिवसाहून अधिक जात असेल तर मागील साल धरावे. परंतु हा उपाय ताज्या नोंदीपुरताच खरा. तीन वर्षांपूर्वीच्या बांधलेल्या दफ्तरास तो लावला तर प्रत्येक ओळ चुकेल. तेथे फाइलीवरील शेवटच्या बदलाची तारीख पाहावी लागते, ओळींचा अनुक्रम पाहावा लागतो, डिसेंबरनंतर जानेवारी आला की साल उलटले असे समजावे लागते, आणि एखाद्या ओळीवर २९ फेब्रुवारी आढळला तर त्या एका ओळीच्या साक्षीने चारांपैकी तीन साले बाद करता येतात. एकेका ओळीकडे सुटे पाहून यांतील बहुतेक गोष्टी होऊ शकत नाहीत, आणि बहुतेक पार्सर तर एका वेळी एकच ओळ पाहतात.

मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांशी ज्यांचा परिचय आहे त्यांस ही विचारपद्धती नवी वाटणार नाही. पेशवाईतील असंख्य पत्रांच्या अखेरीस मुसलमानी महिन्याचा चंद्र तेवढा लिहिलेला असतो आणि साल नसते. पत्र चार-आठ दिवसांत ज्याच्या हाती पडावयाचे त्याला चालू साल सांगण्याचे प्रयोजन नव्हते. १८९८ पासून राजवाड्यांनी प्रसिद्ध केलेल्या खंडांत, आणि पुढे १९३० ते १९३४ या काळात सरदेसायांनी संपादिलेल्या पेशवे दफ्तराच्या ४५ भागांत, अशा पत्रांची साले लावण्यासाठी जे परिश्रम झाले ते आमच्या धंद्यातील लोकांनी अभ्यासावे असे आहेत. पत्रातील व्यक्ती, मोहीम, मुक्काम यांवरून काळाची मर्यादा बांधावयाची. तिथीबरोबर वार दिला असेल तर जंत्रीशी ताडून पाहावयाचे. हिजरी महिना सौर वर्षात दरसाल सुमारे ११ दिवस मागे सरकत असल्यामुळे, पत्रात पावसाचा किंवा पेरणीचा उल्लेख असेल तर तेवढ्यावरूनही कित्येक साले वगळावयाची. आणि इतके करून जे साल निश्चित होईल ते पत्राच्या मूळ मजकुरात न मिसळता संपादकाचे म्हणून वेगळे दाखवावयाचे. पुढच्या संशोधकास तो निर्णय चुकीचा वाटला तर मूळ पत्र त्याच्यासमोर जसेच्या तसे असते. आपल्या डेटाबेसात मूळ मजकूर फेकून देऊन केवळ पुरी केलेली तारीख ठेवणारा प्रोग्रामर पुढच्या माणसाची ही वाट कायमची बंद करतो.

अपुरी तारीख अपुरीच लिहून ठेवण्याची प्रमाण लिपी नाही, अशी तक्रार आज करता येणार नाही. आयएसओ ८६०१ या १९८८ च्या मानकात साल गाळून केवळ महिना-दिवस लिहिण्याची तरतूद होती; २००४ च्या आवृत्तीत ती काढण्यात आली, आणि उजवीकडचे लहान भाग गाळण्याची मुभा तेवढी राहिली. तरीही डावीकडचा भाग गाळण्याची गरज संपली नाही. पत्त्यांच्या वहीसाठी असलेल्या व्हीकार्ड या नमुन्यात २०११ मध्येही सालाच्या जागी दोन आडव्या रेषा देऊन वाढदिवस लिहिण्याची सोय ठेवावीच लागली. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या पुढाकाराने सिद्ध झालेली विस्तारित लेखनपद्धती २०१९ मध्ये आयएसओ ८६०१ च्या दुसऱ्या भागात समाविष्ट झाली, आणि तीत अज्ञात अंकाच्या जागी एक ठराविक अक्षर, शंकित तारखेपुढे प्रश्नचिन्ह आणि अदमासे सांगितलेल्या तारखेपुढे नागमोडी रेघ लिहिता येते. विकिडेटाच्या कोष्टकांत प्रत्येक तारखेबरोबर तिची सूक्ष्मता सांगणारा अंक असतो, सालासाठी ९, महिन्यासाठी १० आणि दिवसासाठी ११. औषधांच्या चाचण्यांच्या क्षेत्रात तर ही शिस्त पराकाष्ठेची आहे; तेथे रुग्णाने सांगितलेली अपुरी तारीख एका कोष्टकात जशीच्या तशी राहते, आणि विश्लेषणासाठी ती पुरी केली तर दिवस भरला, महिना भरला की साल भरले, हे सांगणारी निशाणी शेजारच्या रकान्यात घालण्याची पद्धत आहे. ज्या व्यवहारात एका दिवसाच्या फरकाने औषधाचा दुष्परिणाम औषध घेण्यापूर्वीचा ठरतो की नंतरचा, त्या व्यवहाराने ही खबरदारी घेतली यात नवल नाही.

‘कोष्टकात तारखेचा रकाना आहे, त्यात तारीखच घालावी लागते, आणि हिशेब करावयाचा तर ती पुरी केल्याशिवाय गत्यंतर नाही’, असा आक्षेप व्यवहारी मंडळी घेतात, आणि तो विचारात घेतलाच पाहिजे. मायएसक्यूएलने या अडचणीवर तोडगा म्हणून महिना व दिवस शून्य लिहिण्याची मुभा ठेविली आहे, पण कडक रीतीत ती मुभा मिळत नाही आणि अशा तारखांवर बेरीज-वजाबाकीचा भरवसाही राहत नाही. वस्तुतः पुरी केल्याशिवाय हिशेब होत नाही, हीच समजूत तपासून पाहिली पाहिजे. साल १९६० एवढेच ठाऊक असलेली व्यक्ती १ जुलै २०२५ रोजी ६४ किंवा ६५ वर्षांची असते. तिला ६० वर्षे पुरी झाली आहेत काय, या प्रश्नास निःसंशय होकार देता येतो. ७० झाली आहेत काय, यास निःसंशय नकार देता येतो. ६५ झाली आहेत काय, एवढ्या एकाच प्रश्नास ‘सांगता येत नाही’ हे उत्तर आहे, आणि तेच त्याचे खरे उत्तर आहे. उजवीकडचा भाग गळलेली तारीख हा एक कालखंड असतो, त्यास आरंभ असतो आणि शेवट असतो. ती दोन टोके दोन रकान्यांत ठेवावी, मूळ मजकूर तिसऱ्यात ठेवावा, आणि तुलनेचे उत्तर होय, नाही किंवा अनिश्चित असे तीन प्रकारचे असू द्यावे, म्हणजे बहुतेक व्यवहार काहीही न भरता सुखाने चालतात. डावीकडचा भाग गळलेली तारीख मात्र कालखंड नसते. ‘१५ ऑगस्ट’ म्हणजे विखुरलेल्या असंख्य दिवसांचा समूह, आणि त्यास आधीचा-नंतरचा ही भाषाच लागू पडत नाही. या दोन जातींची गल्लत हा या विषयातील सर्वांत सार्वत्रिक दोष होय, आणि म्हणून पुस्तकाचा निम्म्याहून अधिक भाग मी तिच्या विवेचनास दिला आहे.

राहिलेल्या भागात दोन अंकी सालांचा, कालविभाग गळलेल्या वेळांचा, आणि ‘०३/०४’ सारख्या, दिवस-महिना आहे की महिना-साल आहे हेच ज्यांवरून कळत नाही अशा मजकुरांचा परामर्श घेतला आहे. उदाहरणे पायथन व जावा या दोन भाषांत दिली आहेत. एकीत सैल हात आणि दुसरीत कडक हात पाहावयास मिळतो, हे त्या निवडीचे कारण. ज्यांस या भाषा येत नाहीत त्यांनी कोड सोडून गद्य वाचले तरी मुद्दा समजेल, अशी काळजी घेतली आहे.

वाचकास एक विनंती आहे. पहिल्या प्रकरणास हात घालण्यापूर्वी आपण ज्या डेटाबेसावर रोज काम करतो त्यातील जन्मतारखेचा रकाना उघडावा, आणि १ जानेवारी व १ जून या दोन तारखांच्या किती नोंदी आहेत ते मोजून वर्षातील इतर कोणत्याही दोन दिवसांशी ताडून पाहावे. जो फरक दिसेल तो एका कागदावर लिहून जवळ ठेवावा. सातव्या प्रकरणात त्याचा उपयोग आहे.